गिरणीला माझा तात्त्विक विरोध

यंत्रामुळे माणूस एकटा पडतो, हे मी लग्नाच्या चौथ्या वर्षी स्वतःवर सिद्ध करून दाखवलं. यंत्र मात्र आमच्या घरात आलंच नव्हतं!

लढाईचे दिवस होते. साताऱ्यात आमच्या पेठेच्या कोपऱ्यावर पिठाची गिरणी निघाली आणि मी (शाळामास्तर, शिवाय विचारवंत) वाचनालयात 'यंत्र आणि माणूस' या विषयावर व्याख्यानं द्यायला लागलो. घरीही द्यायचो.

"अहो, आज तरी दळण गिरणीत टाकू का?" माझ्या बायकोनं, कमलनं, विचारलं.

"गिरणीत? अगं, जात्यावर माणूस माणसासमोर बसतो. यंत्र नेमकं तेच हिरावून घेतं!"

"मग बसा समोर. जातं जड आहे, दुसरा हात लागतो."

"आज? आज मला श्रमप्रतिष्ठेवर लिहायचंय!"

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर ट्रंक नव्हती, कमलही नव्हती. चिठ्ठी होती: 'सांगलीला आईकडे जाते. पीठ संपलंय. जातं आहे.' परत कधी येणार, याबद्दल अक्षर नाही!

दोन दिवस चुरमुऱ्यांवर काढून जात्याला बसलो. शेजारच्या हवालदारीणबाई कुंपणावरून ओरडल्या, "आवं मास्तर, मूठमूठ घाला! जात्याला घालताय का हत्तीला?" मग खाली पडलेलं पाहून म्हणाल्या, "ह्ये पीठ न्हाई, भरड हाय. म्हशीला चालंल."

मलाही चालवून घ्यावी लागली. भाकरी थापली, ती तव्यावर सतरा ठिकाणी फुटली. ताकात कालवून प्यालो. समोर जात्यापलीकडची जागा रिकामी होती. कमल तिथल्या रिकाम्या पाटाकडे बघत चार वर्षं दळत होती. आधी ओव्या म्हणायची, मग थांबली. (वाचायला शांतता मिळाली म्हणून मी खूश झालो होतो!) त्या दिवशी मला घर खायला उठलं.

शेवटी उपरण्याखाली डबा लपवून गिरणीत गेलो. इंजिन धडधडत होतं आणि त्याच्यावर कडी करून आठ बाया बोलत होत्या.

"मास्तर, बाई कवा येनार? रोज हितं यायच्या."

"दळण घेऊन?" माझी तत्त्वं हादरली.

"न्हाई वो! तुमी बंदी घातलीया न्हवं? नुसत्या बसायच्या. घरात बोलाय कोन न्हाई म्हनायच्या."

"मी असायचो की!"

"व्हय, पन तुमी भाषन लिवत असायचा."

"मास्तर, तुमचा नंबर!" गिरणीवाला ओरडला.

"पुढच्यांना घ्या," मी म्हणालो. एकदा नव्हे, चारदा. घरी जाऊन बोलणार कोणाशी?

तिथून आल्या आल्या कमलला कार्ड टाकलं: 'विरोध मागे घेतला आहे. करमत नाही. ये.' उत्तर आलं: 'शनिवारी येते. दळण मीच नेणार.'

शनिवारपर्यंत व्याख्यानाची वही सुधारायला घेतली. फार काही बदलावं लागलं नाही. 'यंत्रामुळे माणूस एकटा पडतो' यातला पहिला शब्द खोडून 'नवऱ्यामुळे' केला. बाकीची चाळीस पानं जशीच्या तशी लागू पडली!