तापलेलं इंजिन

युद्ध संपल्यावर रहिमतपूरकडच्या आमच्या शिवारात पहिलं इंजिन आलं, ते वरच्या मळ्यातल्या विहिरीवर. महिन्याभरात खाली माझ्या विहिरीचा तळ दिसू लागला आणि वांग्यांनी माना टाकल्या. मी भांडायलाच गेले.

इंजिनावर पलटणीतून परतलेला एक ड्रायव्हर होता. चिंधीनं एकेक बोट पुसत त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं.

"आवं बाई, मोटंची बैलं दमायची, तवा हिरीला इसावा मिळायचा," तो म्हणाला. "ह्ये काय दमत न्हाई. मग मीच दमतो." आणि त्यानं इंजिन बंद केलं.

तेव्हापासून तो रोज दुपारभर इंजिन बंद ठेवी, आणि तेवढ्यात माझ्या विहिरीत पाणी पाझरे. एकदा मी बांधावर असताना त्याचा मालक ओरडत आला, "का रं, बंद का ठेवलंस?"

"लय तापलंय, मालक."

बोलताना त्याचा उघडा तळवा त्याच इंजिनावर निवांत टेकलेला होता. मी तोंड फिरवून हसले.

पुढच्या वर्षी तो काम सोडून गेला. नव्या माणसाचं इंजिन कधी तापेना आणि माझी विहीर आटली. एका भल्या माणसाच्या जिवावर पाणी किती दिवस पुरणार? एव्हाना आणखी काही विहिरींवरही इंजिनं आली होती. मी सगळ्या विहीरवाल्यांना चावडीवर बसवलं आणि दुपारी कुणीच इंजिन चालवायचं नाही, असं ठरवून घेतलं. वरच्या मालकाची विहीरही तोवर खाली गेली होती, म्हणून तोही कबूल झाला.

आता आमच्या शिवारात रोज दुपारी सगळीच इंजिनं तापतात.