अकरा माणसं ऐकत होती

पावणेपाचला ती उठायची. पहिली पाळी सहाची, पण क्रेनवाल्याने सहाला येऊन चालत नाही. सहाला हुकाला ओझं लागतं. त्याआधी ब्रेक बघायचे, दोराची तार कुठे तुटलीय का ते चाचपायचं, घंटा वाजवून बघायची. साडेपाचला ती फाटकात हजर असे. क्रेनच्या शिडीला बेचाळीस पायऱ्या. हातात काही धरून चढता येत नाही, म्हणून डबा, पाण्याची बाटली आणि पुढे पुढे कॅमेरा, सगळं पाठीवरच्या पिशवीत. चोवीस वर्षं ती हे करत होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण तिच्या फोटोबद्दल बोलताना लोक म्हणतात, "नशीब बघा, नेमका क्षण सापडला." रस्त्यावर नाणं सापडतं. असले फोटो सापडत नाहीत.

आमची फाउंड्री. लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं, थंड झालं की फोडून बाहेर काढायचं. छपराखाली दोन क्रेन एकाच रुळांवर. त्यातल्या एकीच्या केबिनमध्ये ती बसायची. तोंडावर सगळे ताई म्हणत, पाठीमागे वरची. मी तिचा खालचा माणूस, खुणा करणारा. त्या आवाजात हाक पोचत नाही. हात वर फिरवला की उचल, खाली फिरवला की सोड, पंजा उघडला की थांब. बावीस वर्षं आम्ही असं बोललो. माझी बायको म्हणायची, "घरी तरी तोंडाने बोला."

वरचीचा नवरा शिंपी. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत त्याचं मशीन. शेजारच्या गाळ्यात पासपोर्ट फोटो काढणारा स्टुडिओवाला होता. त्याने नवा कॅमेरा घेतला आणि जुना हिला विकला. तेव्हा रिळांचा जमाना होता. नवऱ्याने विचारलं, "तिथे वर बसून कशाचे फोटो काढणार? कावळ्यांचे?"

"तुमच्यासारख्यांचे," ती म्हणाली. "खाली मान घालून काम करणाऱ्यांचे."

पहिली तीन रिळं स्टुडिओवाल्याने धुतली आणि तिच्यासमोर ठेवली. "ताई, ही माणसं आहेत की सांडलेले बटाटे?" खरंच तसंच होतं. वरून नुसती हेल्मेटं, आणि तीही हललेली. छपराखाली उजेड कमी. अर्धा सेकंद झाकण उघडं ठेवल्याशिवाय रिळावर काही उमटत नसे, आणि क्रेन तर बंद असतानाही दुसरीच्या धक्क्याने थरथरते.

तिने एक नियम केला. हुकाला ओझं असताना कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. मुख्य बटण बंद करून दुसऱ्या क्रेनची वाट बघत बसायचं असेल तेवढ्याच वेळात काय ते. म्हणजे आठ तासांत वीस मिनिटं, कधी तीही नाहीत. हा नियम तिने एकदाही मोडला नाही. मी खाली होतो, ओझं माझ्या डोक्यावर होतं, म्हणून खात्रीने सांगतो.

थरथरीवर उपाय नवऱ्याने काढला. गादीच्या जाड कापडाची वीतभर उशी शिवली. आत आमच्याच फाउंड्रीतली वाळू, चाळून, तव्यावर भाजून कोरडी केलेली. केबिनच्या खिडकीत उशी ठेवायची आणि कॅमेरा तिच्यात रुतवायचा. तवा घासताना नवरा मला म्हणाला, "भाऊ, लोकांच्या बायका तव्यावर काय काय करतात, आणि मी बघा काय भाजतोय." पण उशी त्याने दोनदा उसवून पुन्हा शिवली. टाके विरळ होते, वाळू गळत होती.

कॅमेरा हलायचा थांबला. माणसं थांबेनात. स्टुडिओवाला म्हणाला, "त्यांना सांग ना, जरा स्थिर राहा म्हणून."

"सांगितलं की ते माझ्याकडे बघणार. मग ते काम कुठे राहिलं?"

जेवणाच्या सुट्टीत ती खाली उतरून एकेकाजवळ बसायला लागली. एकच प्रश्न. "तुमचा हात कामात कधी थांबतो?"

"पगाराची सही करताना," भट्टीवाला म्हणाला. सगळे हसले. ती हसली आणि डबा उघडून तिथेच बसून राहिली. दोन दिवसांनी भट्टीवाला आपणहून आला. "ताई, भट्टीच्या भोकाला डोळा लावला की मी श्वाससुद्धा घेत नाही. रंग बघायचा असतो. दोन सेकंद धरा." मग घासकाम करणारा आला. घासायचं चाक बाजूला केल्यावर तो लोखंडाच्या कडेवरून अंगठा फिरवतो आणि शेवटी अंगठा थांबतो. वाळू ठोकणारा म्हणाला, ठोकणी वर गेली की खाली यायच्या आधी जराशी अडते. एकेकाला स्वतःच्या कामातली ही जागा पहिल्यांदाच कळत होती. माझ्याबद्दल तिनेच सांगितलं. ओझं जमिनीला टेकलं की मी पंजा उघडतो आणि साखळी सैल पडेपर्यंत बोटही हलवत नाही. मला ते माहीत नव्हतं.

यात चार वर्षं गेली. स्टुडिओवाल्याने आपली अंधारी खोली तिला रविवारी वापरायला दिली. ती फोटो धुवायला शिकली, आणि तो तिच्या पाठीमागे उभा राहून काळं-पांढरं कसं बघायचं ते शिकला. बटाटे म्हणणारा माणूस आता विचारायचा, "या आठवड्यात कोण थांबलं?"

सर्वात म्हातारा साचेवाला शेवटी बोलला. तो फार बोलत नसे. "रस साच्याच्या तोंडाला लागला की आम्ही ऐकतो," एवढंच म्हणाला.

हे समजावून सांगावं लागेल. साच्याची वाळू आत कुठे ओली राहिली असेल तर तापलेला रस, म्हणजे वितळलेलं लोखंड, पडताच पाण्याची वाफ होते आणि रस उसळतो. उसळला तर माणूस भाजतो. उसळण्याआधी साचा आतून गुडगुडतो. म्हणून रस पडायला लागला की भोवतीची माणसं कान देतात. कुणी कुणाला सांगत नाही. दोन सेकंद, फार तर तीन. गुडगुड आली तर पळायचं, नाही आली तर पुढच्या कामाला लागायचं. मी हे जन्मभर पाहिलं होतं, पण याचा फोटो होऊ शकतो हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

अडचण एकच होती. तिच्या केबिनमधून साच्याचं तोंड दिसत नसे, दुसऱ्या क्रेनची रसाची बादली आड यायची. रस नेमका कधी लागला ते खालच्या माणसाने कळवायला हवं. खूण कोणती करायची यावर आम्ही आठवडाभर वाद घातला. क्रेनच्या खुणेसारखी दिसेल अशी एकही चालणार नव्हती, दुसऱ्या क्रेनवाल्याची गफलत झाली तर माणूस मरेल. शेवटी ठरलं. मी दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे. क्रेनच्या भाषेत हात दिसत नाहीत म्हणजे काहीच हुकूम नाही. मी साचेवाल्यांच्या मागे, भिंतीपाशी उभा राहायचो. त्यांची पाठ माझ्याकडे, तोंडं तिच्याकडे.

सात महिने लागले. कधी वाफ आड आली, कधी तिच्याच हुकाला ओझं आलं. आठव्या महिन्यात एका सकाळी तिला फोटो मिळाला. अकरा माणसं. रसाचा उजेड खालून चेहऱ्यांवर. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला किंचित कललेल्या, एकाचं तोंड अर्धवट उघडं, एकाचा हात शेजाऱ्याच्या दंडाला धरलेला. म्हाताऱ्या साचेवाल्याने डोळे मिटलेत. अर्धा सेकंद झाकण उघडं, आणि एकही चेहरा हललेला नाही. मागे कोपऱ्यात मी.

स्टुडिओवाल्याने तो फोटो पाण्यातून वर काढला आणि बोटाने एकेक चेहरा मोजला. मग म्हणाला, "मला लग्नातसुद्धा अकरा माणसं एकदम स्थिर मिळत नाहीत."

शहरात छायाचित्रांची मोठी स्पर्धा होती. एक विभाग 'काम करणारी माणसं'. अट अशी की फोटो घडत असताना काढलेला हवा, माणसं उभी करून काढलेला चालणार नाही. तिने पाठवला. पंधरा दिवसांनी बोलावणं आलं. तिला एकटीला जायचं नव्हतं, म्हणून मीही गेलो. दोघांनी पाळी बदलून घेतली.

खोलीत तीन परीक्षक. बोलत होते ते मुख्य परीक्षकच. फोटो टेबलावर होता.

"फोटो उत्तम आहे," ते म्हणाले. "पण बाई, अर्धा सेकंद, अकरा माणसं, एवढा कमी उजेड. हे जमत नाही. उभं केलंत ना त्यांना?"

"नाही. ते ऐकतायत."

"काय ऐकतायत?"

तिने सांगितलं. जेवढं मी वर सांगितलं तेवढंच, आणखी नीट. परीक्षकांनी मान हलवली, पण ती ऐकणाऱ्याची मान नव्हती. त्यांनी कोपऱ्यातल्या माणसावर बोट ठेवलं. "आणि हा? हा तर सरळ पोझ देऊन उभा आहे. हात मागे, नजर कॅमेऱ्याकडे."

"तो मी," मी म्हणालो.

"असे का उभे आहात?"

आता काय सांगू. मला त्या खुणेचा अभिमान होता. मी म्हणालो, "साहेब, मी खूण केली."

"म्हणजे खूण झाली!"

"तिला केली. या माणसांना नाही. त्यांची पाठ आहे माझ्याकडे, बघा ना."

"त्यांना आधीच सांगून ठेवलं असेल." ते दुसऱ्या दोघांकडे बघून हसले. वाद संपला होता. बेचाळीस पायऱ्या, चार वर्षं, सात महिने, सगळं त्या हसण्यात गेलं. मी आयुष्यात पुष्कळ साहेबांच्या शिव्या खाल्ल्या. त्यातली एकही या हसण्याइतकी लागली नाही. शिवी देणारा निदान कधीतरी फाउंड्रीत आलेला असतो.

मग त्यांनी मन मोठं केलं. 'मांडणी केलेली छायाचित्रं' असा दुसरा विभाग होता. तिथे या फोटोला पहिलं बक्षीस द्यायला ते तयार होते. एक कागद पुढे सरकवला. माणसांना सूचना देऊन उभं केलं, एवढं लिहून सही करायची.

वरचीने कागद वाचला. पेन हातात घेतलं. मला वाटलं, करते आता सही.

"साहेब, यातल्या कुणालाच मी उभं केलेलं नाही," ती म्हणाली. "आणि तुम्ही एकदा सकाळी सहाला या. साच्यापाशी मी तुम्हाला उभं करते. तुमची मानसुद्धा अशीच होईल, कुणी सांगायला नको."

"आम्हाला एवढा वेळ नसतो, बाई."

तिने पेन टोपण लावून ठेवलं. फोटो उचलला, आणि आम्ही निघालो.

जिन्यावर मी म्हणालो, "ताई, घाण मी केली. गप्प बसायला हवं होतं."

"गप्प बसला असतात तर फोटोत हात मागे का, याचं उत्तर मला द्यावं लागलं असतं. मीही तेच दिलं असतं." दोन पायऱ्या उतरून ती थांबली. "राग मलाही आलाय, भाऊ. पण तुमचा नाही."

स्पर्धेतल्या फोटोंचं प्रदर्शन एका हॉलमध्ये आठ दिवस होतं. हॉलच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, एक गाळा रिकामा होता, पुढे मोठी काच. मालक आठ दिवसांसाठी द्यायला तयार नव्हता, महिन्याचं भाडं घेतलं तरच किल्ली. तिने दोन वर्षं जादा पाळ्या करून एका लेन्ससाठी पैसे साठवले होते. रात्री दोघं नवरा-बायको काय बोलले मला माहीत नाही. सकाळी नवरा काच घासताना दिसला. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "लेन्स काय, पुढच्या जन्मी. पडद्याचं कापड माझ्याकडे होतं."

स्टुडिओवाल्याने फोटो चार तुकड्यांत मोठा केला, दारापेक्षा उंच, आणि असा जोडला की सांधा दिसू नये. खाली एक ओळ: 'ही माणसं उभी केलेली नाहीत. साचा ओला आहे का, ते ऐकत आहेत.' पाळी सुटली की त्या अकरांपैकी दोघं-तिघं गाळ्यात येऊन बसत. हॉलमधून बाहेर पडणारे समोर बघत. काही रस्ता ओलांडून येत. काही वेगळ्याच कामाला येत.

"झेरॉक्स आहे का?"

"नाही," भट्टीवाला म्हणे. "पण हा मी आहे, बघा, तिसरा."

चौथ्या दिवशी भाजीची पिशवी घेतलेला एक म्हातारा काचेसमोर थांबला. खालची ओळ पिशवीआड झाली होती, ती त्याने वाचलीच नाही. नुसता फोटो बघत होता. बघता बघता त्याची मान कलली. आत आला आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "ओला निघाला?"

"नाही. कोरडा होता."

"बरं झालं," तो म्हणाला आणि गेला. मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजलेला होता, जुना डाग.

वरची तेव्हा पाळीवर होती. दुसऱ्या दिवशी सुट्टीत मी तिला हे सांगितलं. तिने घास हातात तसाच धरला आणि म्हणाली, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. मुख्य परीक्षक मात्र आठही दिवस समोरच्या हॉलमध्ये येत-जात होते. त्यांच्या गाडीचं दार आमच्या काचेसमोर उघडायचं. त्यांनी एकदाही मान वळवली नाही. आपण चुकलो असू, एवढी शंका यायलासुद्धा थोडे कष्ट पडतात, तेही त्यांनी घेतले नाहीत.

प्रदर्शन उठलं. भाडं महिन्याचं भरलं होतं, म्हणून उरलेले बावीस दिवस तिने गाळा उघडा ठेवला आणि बाकीचे फोटो लावले. भोकाला डोळा लावलेला भट्टीवाला, कडेवर थांबलेला अंगठा, हवेत अडलेली ठोकणी. घरची माणसं आली. घासकामवाल्याच्या बायकोने तो अंगठा ओळखला आणि मुलांना जवळ बोलावून दाखवला. दोन वर्षांच्या जादा पाळ्यांचं एवढं आलं. एक महिना काचेचा गाळा, चार तुकड्यांचा एक फोटो, दोन दिवे. महिना संपल्यावर तिने गाळा झाडला, काच पुसली आणि किल्ली मालकाला नेऊन दिली.