पांढऱ्या फितीची ओळ

पीएच.डी. करणाऱ्या माणसाजवळ आकडे कमी आणि किस्सेच जास्त साठतात. आकडे निदान खोडता येतात. किस्से मात्र स्टाफरूममध्ये लोक मलाच पुन्हा पुन्हा सांगायला लावतात!

मी जव्हारला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. कॉलेजच्या मागे शेडनेट उभारून, वर प्लास्टिक ताणून, मी कुंड्यांत द्राक्षाच्या वेली लावल्या. पांढरी फीत बांधलेल्या ओळीला साधं पाणी, निळ्या ओळीला थोडं खारं, लाल ओळीला चांगलंच खारं. मुळाशी मीठ साठलं की पान आपली छिद्रं मिटून घेतं, हवा आत येत नाही आणि अन्न तयार होणं मंदावतं. कुठली वेल हे किती सोसते, ते मला बघायचं होतं. सगळी तुलना त्या पांढऱ्या ओळीशी. आणि नाशिकहून गाईडनी बजावलं होतं, "मुदतवाढ संपली. हा हंगाम गेला तर पीएच.डी. विसरा!"

*

माझे वडील निफाडला द्राक्षं पिकवतात. त्यांना फोनवर प्रयोग समजावून सांगितला.

ते म्हणाले, "मळ्यात खारं पाणी येऊ नये म्हणून मी जन्मभर जिवाचं रान केलं. आणि तू पदरचे पैसे खर्चून वेलीला मीठ घालतेस?"

"दादा, संशोधन आहे."

"असू दे. पण गावात कोणाला सांगू नकोस!"

*

खोडाळ्याचा एक जीपवाला मला रोज कॉलेजात सोडताना विचारायचा, "मॅडम, द्राक्षं कधी?"

एकदा वैतागून सांगितलं, "द्राक्षं येणार नाहीत! मी फक्त पानं तपासते."

त्यानं गाडीचा वेग कमी केला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि कळवळून म्हणाला, "मंग नागली लावायची होती ना! भाकरी तरी झाली असती."

*

शेडनेटची किल्ली आमचे शिपाई काशीनाथमामा यांच्याकडे. मामा साखरशेतचे. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात पंगत वाढायची तर मामांनीच. हातात मिठाचं ताट घेऊन सगळ्यांच्या आधी निघणार आणि एकही पान चुकू देणार नाहीत. सुट्टीच्या दिवशी वेलींना साधं पाणी घालायचं काम मी त्यांना दिलं. प्रयोगशाळेतली मिठाची बाटली दाखवून बजावलं, "मामा, या बाटलीला हात लावायचा नाही. जग बुडालं तरी नाही!"

"नाय लावणार," मामा म्हणाले. दिलेला शब्द मोडणारा माणूसच नव्हे तो.

*

मग कॉलेजची तपासणी आली. प्राचार्यांनी शेडनेटमध्ये एक फेरी मारली आणि लाल ओळीसमोर थबकले.

"मॅडम, ही पानं कडेनं करपलीत."

"सर, तोच तर प्रयोग आहे! मिठानं कडा करपतात. किती करपल्या ते मी मोजते."

"उत्तम," असं म्हणून ते गेले.

दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर एकाही पानाला करपलेली कड नाही! कोणीतरी कात्रीनं सगळ्या पानांच्या कडा गोल कापून ठेवल्या होत्या. मी रडकुंडीला आले. प्राचार्य तपासणीला आलेल्या पाहुण्यांना सांगत होते, "ही आमच्याकडची खास जात. पान बघा कसं सुबक आहे!"

*

त्यानंतर नवंच दुखणं. पांढरी ओळ मलूल दिसायला लागली. साधं पाणी पिणारी, सुखात वाढायची ती झाडं! मी कीड शोधली, मुळं धुऊन पाहिली, पाणी तपासून घेतलं. पाणी गोडच. मामा माझ्यामागे उभे राहून हळहळत होते, "काय झालं असेल हो यांना?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. पांढरी ओळ गेली की तुलना गेली, आणि तुलना गेली की सगळंच गेलं.

*

आता एकच आशा होती, गाईडनी एका दिवसासाठी पाठवलेलं यंत्र. पान चिमट्यात धरायचं. ते हवेतला कार्बन डायऑक्साइड किती ओढून घेतं ते यंत्र सांगतं. जवळ कोणी श्वास सोडला तरी आकडा बिघडतो. म्हणून मी सगळ्यांना लांब उभं केलं. प्राचार्य मात्र थेट पानावर वाकले.

"काय म्हणतंय?"

"सर, श्वास सोडू नका!"

बिचाऱ्यांनी खरंच श्वास रोखला. चेहरा लालबुंद झाला तरी हलेनात. शेवटी मामांनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं.

*

आकडे आले. पांढरी, निळी, लाल, तिन्ही ओळी जवळपास सारख्याच मंद! मी गाईडना फोन लावला. ते ओरडले, "मीठ घातलेल्या आणि न घातलेल्या झाडांत फरकच नाही? असं कसं होईल?"

मी फोन ठेवला आणि पांढऱ्या ओळीपाशी मटकन खाली बसले. डोळ्यांत पाणीच आलं. मामा धावत आले. मी म्हटलं, "मामा, संपलं सगळं. या ओळीला मी मिठाचा कणसुद्धा दिला नव्हता हो!"

"ते तर मी बघतच होतो ना," मामा जवळ बसत म्हणाले. "दोन ओळींना मीठ वाढायचं आन् तिसरी ओळ तशीच सोडायची? पंगतीत असं करतात काय कोणी? मला नाय बघवलं. तुमी घरी गेलात का मी रोज चिमूटचिमूट घालत होतो."

माझी नजर प्रयोगशाळेच्या दाराकडे गेली. मामांना वाटलं, मला वेगळाच संशय आलाय. त्यांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली.

"तुमच्या बाटलीला हात नाय लावला, मॅडम! घरचं आणत होतो."