गिल्बर्ट आणि धुरावर फिरणारे चाक

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत गिल्बर्ट यांचे गॅरेज होते आणि शेजारच्या कारखान्यात मी पहारेकरी होतो. गिल्बर्ट गावठाणातले ख्रिस्ती; घरी मराठीच बोलत. जुनी गाडी घेण्यापूर्वी लोक ती त्यांना दाखवीत. ते गाडीच्या आधी गाडी आणणाऱ्या माणसाकडे पाहत. असे का, हे मला १९८६ साली एका शनिवारी समजले.

त्यांचा भाचा रेमंड तीन वर्षे जहाजाच्या इंजिनखोलीत राबून आला होता. ती सारी कमाई त्याला एका लाल, दोन दारांच्या परदेशी गाडीत घालायची होती. मालक चेंबूरचे, आखातातून परतलेले. त्यांचा ड्रायव्हर कुंडलिक गाडी घेऊन आला. भरधाव आत येऊन त्याने ती उभी केली आणि तत्क्षणी किल्ली फिरवून इंजिन बंद केले.

गिल्बर्ट म्हणाले, "आता दोन तास कोणी हात लावायचा नाही. गरम इंजिन खोटं बोलतं."

गाडीच्या मागे 'टर्बो' असे लिहिले होते. ते मी वाचले आणि गिल्बर्ट यांना अर्थ विचारला.

"दशरथ, लोहाराचा भाता पाहिलायस ना? हा भाता इंजिनच्याच धुरावर चालतो. बाहेर जाणारा धूर एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात हवा कोंबतं. मिनिटाला लाखभर फेरे."

"मग तो दांडा झिजत कसा नाही?"

"तेलावर तरंगतो. तेल आहे तोवर."

पोलादाचा दांडा तेलावर तरंगतो, याचे मला फार नवल वाटले.

चहा आला. रेमंडने कुंडलिकला विचारले, "पेट्रोल किती पिते?"

"माझ्या हातात कमीच. प्रत्येक सिग्नलला बंद करतो. मागचे शिव्या घालतात, घालू दे. बारा वर्षं टॅक्सी अशीच चालवली. शेठ खूश आहे."

"भारी यार. अंकल, असा ड्रायव्हर पाहिजे."

गिल्बर्ट यांनी कप खाली ठेवला. "जोरात पळवून आणलीस, तरी लगेच बंद?"

"लगेच. उगाच कशाला जाळायचं?"

दोन तासांनी गाडी सुरू केली. मागून तेल जळाल्याचा निळसर धूर आला. रेमंड एक फेरी मारून हसत परतला. मग ती पुन्हा निवल्यावर गिल्बर्ट यांनी हवेची नळी सोडवली व मलाही आत बोट घालू दिले. ते चाक लिंबाएवढे होते. बाजूला किंचित हलले, ते त्यांना चालले. आत-बाहेर हलवल्यावर मात्र टक् असा आवाज आला.

"दांडा गेला," ते म्हणाले. "इंजिन बंद केलं की तेल थांबतं. चाक तापलेलंच असतं. तिथलं तेल जळून कोळसा होतो. जोरात आल्यावर दोन मिनिटं नुसती चालू ठेवायची असते."

कुंडलिकचा चेहरा उतरला. "टॅक्सीला असं काही नव्हतं."

"टॅक्सीला हे चाकच नव्हतं रे. तुला कोणी सांगितलंच नाही."

"नवीन चाक टाकू," रेमंड म्हणाला.

"इथे कुठे मिळतंय? आणि झिजलेल्या चाकाचा किती चुरा इंजिननं आत गिळलाय, ते मला बाहेरून दिसत नाही."

"पळते तर झकास."

"आज पळते."

रेमंड गाडीत जाऊन बसला. बराच वेळ त्याचे हात स्टिअरिंगवर होते. मग उतरून त्याने किल्ली कुंडलिकच्या हाती दिली. "शेठला सांग, नको." मामाकडे पाठ फिरवून तो गावठाणाकडे निघून गेला.

गिल्बर्ट घासलेटने हात धूत होते. मी विचारले, "ती अजून पाच वर्षं चालली असती तर?"

"चाललीही असती. मग तो मला जन्मभर बोलेल. बोलू दे."