दुसऱ्या काउंटरची वायर

भूतबित, करणी, नजर... असलं कुणी बोलायला लागलं की मी चहाचा कप उचलून दुसऱ्या टेबलावर जाणारा माणूस. इंजिनियर आहे राव, स्क्रीनवर दिसेल तेवढंच खरं. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय. शिवाय यात माझा नालायकपणाही आहे, तो आधीच कबूल करतो.

चाकण एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत मी आठ वर्षं आहे. आम्ही मोटर तपासायचे टेस्ट बेंच बनवतो. मोटर कुठल्या दिशेला फिरतेय हे कळावं म्हणून तिचा सेन्सर पल्सच्या दोन रांगा पाठवतो — वेग एकच, पण दुसरी पहिलीच्या पाव पाऊल मागे. खरी मोटर न जोडता आम्ही त्या रांगा कॉम्प्युटरला जोडलेल्या डेटा कार्डावरच्या दोन काउंटरमधून, म्हणजे पल्स मोजून सोडणाऱ्या सर्किटांमधून काढतो. मी दोन्ही काउंटर सॉफ्टवेअरमधून एकामागोमाग सुरू करत होतो, त्यामुळे दोन रांगांमधलं अंतर दर वेळी वेगळंच यायचं. दोन आठवडे डोकं आपटलं.

सुप्रियाने ते एका दुपारात केलं. तळेगावची, डिप्लोमावाली, माझ्याहून पाच वर्षांनी ज्युनियर! तिने दोघांना एकच स्टार्ट सिग्नल दिला, दुसऱ्याला थोडा उशीर सांगून ठेवला. सिग्नल दुसऱ्यापर्यंत न्यायला एक वायर टाकली. ती वायर नसेल तर दुसरा काउंटर नुसता वाट बघत बसतो. साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण टीम लीडची जागा रिकामी होती, आणि ती मलाच मिळणार असं मी वाकडला घरी बायकोला सांगून बसलो होतो.

शुक्रवारी सकाळी अकराला कस्टमर येणार होते. आमच्याकडे पद्धत अशी — सेटअपवर सही केलेलं ‘ओके’चं स्टिकर लागलं की त्याला कुणी हात लावायचा नाही. साडेदहाला सुप्रियाने स्टिकर लावलं आणि ती कस्टमरना आणायला गेटवर गेली. लॅबमध्ये मी एकटाच होतो. स्क्रू सैल करून ती वायर मी काढली आणि खिशात घातली.

कस्टमर आले, साहेब आले. मी मागे उभा राहिलो, खरं सांगतो, तिची फजिती बघायला. तिने रन दाबलं. स्कोपच्या पडद्यावर पहिली रांग आली... आणि मागोमाग दुसरी. बरोब्बर पाव पाऊल मागे, जरासुद्धा हलत नव्हती. मी खिसा चाचपला. वायर खिशातच होती. कार्डावरचा स्क्रू मोकळा होता, तोही मला दिसत होता.

तुम्ही म्हणाल नॉइज असेल, आजूबाजूच्या विजेचा खोटा सिग्नल. नॉइजने एखाद्या वेळी सुरू होईल हो! कस्टमरने सात वेळा बंद-चालू करायला लावलं, सातही वेळा अंतर तेच.

सगळे जेवायला गेल्यावर ती माझ्यापाशी आली. आवाज अगदी साधा.

“सर, वायर तुम्ही काढलीत ना? रन दाबायच्या आधीच मला दिसलं होतं.”

मी वायर तिच्या हातात दिली. मग तू थांबली का नाहीस, एवढंच कसंबसं विचारलं.

“सगळे बघत होते. म्हटलं, दाबून तर बघू.”

तिने वायर परत बसवली, स्क्रू आवळला आणि जेवायला गेली. कुणाला काही सांगितलं नाही. महिन्याभरात लीड तीच झाली. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, निदान तिच्यावर चिडता तरी आलं असतं.

आता लंचला लॅब रिकामी झाली की मी वायर काढतो आणि रन दाबतो. कितीदा केलं असेल, मोजदाद नाही. कार्ड बदललं, लॉग पालथे घातले. पहिली रांग येते, दुसरी कधीच येत नाही. त्या दिवशी काय झालं ते मला आजही माहीत नाही.

एकच गोष्ट करून बघायची राहिलीये... वायर काढून सुप्रियाला रन दाबायला सांगायचं. दोन मिनिटांचं काम आहे. पण मी सांगत नाही. तिच्या हातून ते परत चाललं, तर मला सहन होणार नाही.