टाकीवाल्याने अंगण धुतलं

सगळं गाव त्याला टाकीवाला म्हणायचं. घराघरातलं मोरीचं आणि संडासाचं पाणी गटारातून नगरपालिकेच्या छोट्याशा केंद्रात यायचं आणि तिथून तो ते स्वच्छ करून ओढ्यात सोडायचा. तो स्वच्छ करायचा असं आपलं म्हणायचं. खरं काम करायचे ते डोळ्यांना न दिसणारे जीव. मोठ्या टाकीतल्या तपकिरी गाळात ते राहायचे आणि घाण खाऊन फस्त करायचे. त्यांना हवा कमी पडू द्यायची नाही, एवढंच याचं काम. बायको म्हणायची, पोरीच्या वेळी मी कळा देत होते तेव्हा हे घरी थांबले नाहीत, पण त्या किड्यांची हवा कधी चुकली नाही. ते काही खोटं नव्हतं.

तीच पोर पुढे त्याच ओढ्याकाठी दिली, खालच्या अंगाला. सासरी बदकं पाळायचा धंदा, आणि बदकं दिवसभर ओढ्यात. एकदा लेक हसत हसत सांगून गेली, की सासूबाई म्हणतात, तुझे वडील राहून गेले की उशीलासुद्धा वास राहतो. त्याने ते हसण्यावारी नेलं खरं, पण बोल काट्यासारखा रुतून बसला. त्यातच निरोप आला की विहीणबाई रविवारी लेकीबरोबर केंद्र बघायला येणार.

मग काय, शनिवारी त्याने कंबर कसली. कोठीतली होती नव्हती तेवढी ब्लीचिंग पावडर केंद्राच्या अंगणात ओतली, वर फिनेलचे कॅन रिते केले आणि पाइप लावून कठडे, जिने, सगळं धुऊन काढलं. लेकीच्या लग्नात घरसुद्धा एवढं चकचकीत नव्हतं. अंगणातली नाली कुठे जाते हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? सरळ टाकीत. पण रोजची वाट डोळ्यांना दिसेनाशी होते, आणि त्या दिवशी त्याच्या डोळ्यांपुढे विहीणबाईंचं नाक होतं.

रविवारी सकाळी टाकीवर गेला आणि बघतो तर टाकीतले जीव मेलेले. गाळ राखेसारखा झालेला, वर पांढरा फेस, आणि ओढ्यात पडणारं पाणी गढूळ. ओढ्याकडची झडप बंद करून पाणी राखीव टाकीत वळवायचं आणि साहेबांना कळवायचं, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पण कळवलं की बोभाटा होणार, आणि पाहुणे तर घरून निघालेले. दुपारी कळवू, असं त्याने मनाशी ठरवलं आणि फेस तेवढा जाळीने काढून टाकला.

विहीणबाई हातात रुमाल तयार ठेवूनच आल्या. कठड्याशी उभं राहून त्यांनी खोल श्वास घेतला.

"अहो व्याही, वास कुठंय? मी उगाच नावं ठेवली तुम्हाला."

ज्या शब्दांसाठी एवढा खटाटोप केला ते मिळाले, पण त्याची नजर टाकीवरून हटेना. धडधाकट टाकीला ओल्या मातीचा वास असतो. तोही नव्हता. लेक लहानपणापासून त्या वासात वाढलेली. तिने टाकीत पाहिलं, मग बापाकडे.

"बाबा, झडप उघडी का आहे?"

तो धावला. चाक फिरवता फिरवताच त्याने सगळं सांगून टाकलं.

"बदकं आधी वर काढायला सांगा घरी," तो म्हणाला. "बाकी मला नंतर बोला."

विहीणबाईंनी फोन लावला. पलीकडे बराच वेळ कोणी उचलेना. जावयाने उचलला तेव्हा कळलं, की मासे वर तरंगायला लागलेत आणि बदकं त्यांवर तुटून पडलीत.

साहेबांनी नको नको ते सुनावलं, मग शेजारच्या गावाच्या केंद्रातून जिवंत गाळाचा टँकर मागवला. टाकी पुन्हा तपकिरी व्हायला बरेच आठवडे गेले. बदकं किती दगावली हे लेकीने सांगितलं नाही, आणि त्यालाही विचारायचा धीर झाला नाही.

टाकी सावरल्यावर तो व्याह्यांकडे माफी मागायला गेला. दारात उभा राहून सवयीने त्याने स्वतःची बाही हुंगली. विहीणबाईंनी ते पाहिलं.

"येऊ दे वास, व्याही," त्या म्हणाल्या. "नाही आला की आता मलाच भीती वाटते."

मागे उरलेल्या बदकांच्या खुराड्याचं दार अजून बंदच होतं.