अण्णांच्या गोडाऊनमधले वाघ-हत्ती

बिस्किटाच्या लाईनमध्ये किस्से शोधावे लागत नाहीत, मालाबरोबरच येतात. मिरजेच्या अण्णांच्या एजन्सीत मी बारा वर्षं सेल्समन आहे. लहान मुलांची ती प्राण्यांच्या आकाराची बिस्किटं आम्ही सातारा-सांगलीत पोचवतो. मित्रांची तक्रार आहे की, माझ्याजवळ बसलं की हत्ती-वाघांशिवाय काही कानावर पडत नाही.

*

लोणंदच्या एका दुकानदाराने फोडलेला पुडा माझ्यापुढं ठेवला. "गिऱ्हाईक परत देऊन गेलं. हत्तीला सोंड न्हाई."

"गाडीत मोडली असंल."

"मी बी तेच सांगितलं. बाई म्हणत्यात, पोराला हे काय म्हणून दावू?"

"डुक्कर म्हणून दावा म्हणावं."

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "बाई डुकराचाच पुडा मागत्यात. पोरगं दुसरं कायच खाईना."

*

साताऱ्याकडचे एक रिटायर्ड सुभेदार नातवाला पुडा देताना आधी सगळे प्राणी ताटलीत रांगेनं उभे करतात. एकदा मला रस्त्यात थांबवून म्हणाले, "तुमच्या पुड्यात घोडा नव्हता."

"प्रत्येक पुड्यात सगळे असतीलच असं नसतं, साहेब."

"मग रजेचा अर्ज कुठाय त्याचा?"

*

कंपनीचे एक अधिकारी सर्व्हेला आले. या बिस्किटांमुळे मुलांचं प्राणिज्ञान वाढतं, हे त्यांना वर कळवायचं होतं. सांगलीतल्या एका बालवाडीत त्यांनी एका मुलीला विचारलं, "बेटा, वाघ कुठे राहतो?"

"पुड्यात."

"आणि काय खातो?"

"काय न्हाई. मीच त्याला खाते."

अधिकाऱ्यांनी फॉर्मवर लिहिलं : आत्मविश्वासात वाढ.

*

नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेल्या शिराळ्याच्या दुकानदाराचा एकच प्रश्न. "ह्यात नाग का न्हाई?"

मी कंपनीला फोन केला. नाग लांबट, पॅकिंगमध्ये मोडेल, असं उत्तर आलं. तसा निरोप दिला.

"मग वेटोळं घालून बसलेला करा म्हणावं," दुकानदार म्हणाले. "आमी काय त्याला पळवणार हाय?"

*

अण्णा जैन. घरात काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, नियम कडक : प्राण्याचा आकार दाताखाली मोडला तरी मनात हिंसा झालीच. "आवं, घरात चालत न्हाई ते गावाला का विकताय?" असं त्या रोज म्हणायच्या. शेवटी अण्णा एजन्सी सोडायच्या विचारापर्यंत आले. माझी नोकरी त्यावरच. त्या दिवसांत मला घास गोड लागत नव्हता.

अशात त्यांची पाच वर्षांची नात गोडाऊनमधून फ्रॉकच्या ओच्यात मावतील तेवढे पुडे घेऊन गेली. काकूंनी तिला रिकाम्या कागदांसकट पकडलं.

"किती खाल्लीस?"

"एक पण न्हाई, आजी. सगळ्यांना सोडून दिलं."

"कुठं?"

"आपल्या उसात."

अण्णा बादली घेऊन मागच्या उसात गेले. बऱ्याच वेळानं परत आले, बादली रिकामीच.

"गावली न्हाईत व्हय?" काकूंनी विचारलं.

"गावली की."

"मग आणली का न्हाईत?"

अण्णांनी बादली खाली ठेवली. "मुंग्या लागल्यात. त्यांच्या तोंडचं काढून आणू?"